जनकाबाईंची खानावळ सगळ्यात वर

२ जून, सोमवार

पदवीचं प्रमाणपत्र हातात आलं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. आईनं आधी हात पुसले, मग ते घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि विचारलं, "मागून कोरं काहून हाय?"

नोकरी लागेपर्यंत रिकामं बसायचं नाही, असं मी ठरवलंय. एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत आईची खानावळ आहे. वडील गेल्यापासून घर तिच्यावरच चाललं, माझं नांदेडचं शिक्षणही. दर जूनला स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी नवी पोरं हिंगोलीत येतात, बदलीवर कारकून येतात, आणि डेपोवर विचारत विचारत आमच्याकडे पोचतात. यंदा एकही नवं तोंड दिसलं नाही. लोक आता डेपोवर विचारत नाहीत, मोबाईलला विचारतात. आणि मोबाईलला आम्ही ठाऊक नाही.

बायपासकडच्या एका निवासी शाळेचे वॉर्डन आले होते. वसतिगृहाच्या स्वयंपाकाला आईला ठेवून घ्यायला तयार आहेत, जुलैअखेर कळवा म्हणाले. आई म्हणाली, "पंगत भरली न्हाई तर जाते बाई. तिथं पगार तरी बराबर मिळंल."

स्वतःची चूल विझवून दुसऱ्याच्या चुलीपुढं उभं राहायचं. मी हे होऊ देणार नाही. जुलैअखेरच्या आत आमची खानावळ सर्चमध्ये सगळ्यात वर आणून दाखवते.

४ जून, बुधवार

मुन्ना सरांच्या डिजिटल मार्केटिंगच्या क्लासला नाव घातलं. सरांचं व्यक्तिमत्त्व छाप पाडणारं आहे. पूर्ण बाहीचा शर्ट, टाय आणि खाली चप्पल. क्लास सापडायला वेळ लागला, कारण नकाशावर तो कयाधू नदीच्या पात्रात दाखवतो. सर म्हणाले, लोकेशनचा प्रॉब्लेम आहे, उद्या दुरुस्त होईल. शेजारची मुलगी पुटपुटली, "गेल्या वर्षापासून उद्याच हाय."

पावतीवर त्यांचं आडनाव नव्हतं म्हणून विचारलं. "मुन्ना सर, एवढं पुरे," ते म्हणाले. खऱ्या मोठ्या माणसाला आडनाव लागत नाही.

९ जून, सोमवार

आमच्या दारावरची पाटी 'राजयोग भोजनालय' अशी आहे. ती आधीच्या भाडेकरूची. तो वसमतला निघून गेला, पाटी राहिली. पंगतीतले लोक 'मावशीकडं' म्हणतात. मावशीला नाव असतं, हे त्यांना सुचलेलं दिसत नाही.

आज आईला म्हटलं, "ही पाटी खोटी आहे."

"खोटी कशी? पत्र्याची हाय."

"नाव आपलं नाही."

"मंग? नावानं कोणाला भूक लागते का? राहू दे. सोय पडते."

"काहून सोय पडते?"

आई भाकरी थापत राहिली. "पडते," एवढंच म्हणाली.

सोय. याच वृत्तीमुळे आपले छोटे उद्योग मागं राहतात. मुन्ना सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं की नाव, पत्ता, फोन, सगळं खरं आणि सगळीकडं एकसारखं पाहिजे. सर्च खोट्याला वर नेत नाही. मला हे फार आवडलं. जगात निदान एक जागा अशी आहे, जिथं खरं बोलल्यावर नंबर वाढतो.

१२ जून, गुरुवार

नवी पाटी लागली. 'जनकाबाई पाईकराव यांची घरगुती खानावळ.' पिवळ्यावर निळी अक्षरं, गल्लीच्या तोंडापासून वाचता येतात. जुनी भंगारवाल्याला दिली.

एसटीचे ड्रायव्हर लालसिंग काका मुक्कामी गाडीवर असले की आमच्याकडेच जेवतात. दारात उभं राहून त्यांनी पाटी सावकाश वाचली. "मावशी, इतने साल खाना खाया, नाम आज कळालं."

"कळून काय फरक पडला?" आई म्हणाली.

"कुछ नहीं. भूक तेवढीच आहे."

बाकीच्यांनीही पाटी वाचली. जेवताना पंगत नेहमीपेक्षा शांत होती. नव्या गोष्टीचा लोकांवर परिणाम होतोच.

१६ जून, सोमवार

आज फोटो काढले. जेवणाऱ्यांच्या मागची भिंत उघडी दिसत होती, म्हणून आतल्या खोलीतले बुद्धांचे आणि बाबासाहेबांचे फोटो बाहेर आणून लावले. भिंत एकदम भारदस्त झाली. त्याखाली पंगत बसवली. आईला फोटो नकोच होता, ती चुलीच्या धुरामागं राहिली.

सगळ्यात छान आले सोनाजीराव. एका सरकारी कार्यालयात कारकून, गाव जिल्ह्यातलंच गोरेगाव. शनिवारी जीपनं घरी जातात, सोमवारी येतात, आणि मधले सगळे दिवस आमच्याकडंच जेवतात. स्वच्छतेचे फार भोक्ते. स्वतःचं ताट आणि पेला घरून आणून आमच्या कोनाड्यात ठेवलाय, दुसऱ्या ताटाला हात लावत नाहीत. कोरोनाची साथ यायच्या कितीतरी आधीपासून. काही माणसांना पुढचं आधीच दिसतं.

त्यांच्या शेजारी रविंद्र. स्पर्धा परीक्षेवाल्या पोरांचा म्होरक्या. राज्यघटना पाठ आहे. भाकरीला उशीर झाला की "कलम एकवीस, जगण्याचा अधिकार" असं ओरडतो.

मुन्ना सरांनी विचारलं होतं, तुमच्याकडं असं काय आहे जे दुसऱ्या खानावळीत नाही? मी लिहिलं: 'स्वतःचं ताट-पेला ठेवण्याची खास सोय.' सरांनी वाचलं. मग बराच वेळ माझ्याकडं पाहिलं, मग खिडकीबाहेर. "हे वेगळं आहे," म्हणाले.

घरी येऊन आईला सांगितलं. ती ठसका लागेपर्यंत हसली. "टाक बाई, टाक. जगाला कळू दे."

तिला शेवटी व्यवसायातला उत्साह वाटू लागलाय.

२० जून, शुक्रवार

रिव्ह्यूंची मोहीम. लालसिंग काकांनी लिहिलं, 'खाना अच्छा, डेपो पास में, भाकरी गिनते नहीं.' पाच स्टार. वसमतची माझी मामेबहीण सपना इथं कधी जेवलेली नाही, पण तिनं 'उत्तम सेवा, अविस्मरणीय अनुभव' असं लिहिलं. मी आक्षेप घेतला तेव्हा म्हणाली, "अगं, नेटवर सगळे असंच लिहितात." मी तिला तो काढायला लावला. ती रागावली. खरं ते खरं.

रविंद्र आणि पोरं "देतो ना ताई" म्हणाली. सोनाजीराव म्हणाले, "मी तोंडानं सांगतो की सगळ्यांना. लिहायचं काहून?" त्यांनी आजवर कोणाला सांगितल्याचं आईला आठवत नाही.

२५ जून, बुधवार

झालं. 'हिंगोली खानावळ' टाकलं की पहिली आम्ही. 'घरगुती जेवण हिंगोली', पहिली आम्ही. मोबाईल आईच्या तोंडासमोर धरला. तिच्या हाताला पीठ होतं, म्हणून तिनं मान तिरकी करून पाहिलं. "हे कोणकोणाला दिसते?"

"सगळ्यांना. गोरेगावला, मुंबईला, अमेरिकेत."

"अमेरिकेचं जाऊ दे," ती म्हणाली. "गोरेगावला दिसते?"

आणि उत्तराची वाट न पाहता चूल फुंकायला लागली.

फोनही सुरू झाले. एकानं आमची शाखा औरंगाबादला काढायची का विचारलं. एका बाईनं आम्हाला सर्चमध्ये पहिल्या नंबरवर आणून देण्याचं पॅकेज सांगितलं. मी म्हटलं, आम्ही पहिल्याच नंबरवर आहोत. ती म्हणाली, मॅडम, त्याच्याही वर.

३० जून, सोमवार

हिंगोलीत ॲसिडिटीची साथ आलेली दिसते. परवा सोनाजीरावांनी सांगितलं की डॉक्टरांनी बाहेरचं खाणं बंद करायला लावलंय, ॲसिडिटी. काल तहसीलजवळ राहणाऱ्या दोघा कारकुनांना झाली. आज रविंद्र आला, उंबऱ्याबाहेर उभा राहिला. "ताई, आम्ही खोलीवरच करून खाणार काही दिवस. ॲसिडिटी होऊन राहिली."

"सगळ्यांना?"

"ग्रुपमध्ये राहतो ना आम्ही."

कलमबिलम काही म्हणाला नाही. गल्लीच्या कोपऱ्यावरून वळताना एकदा मागं वळून पाहिलं.

एक विचार मनात आला. तो मी इथं लिहिणार नाही. शिकलेल्या माणसानं पुराव्याशिवाय तसले विचार करू नयेत.

४ जुलै, शुक्रवार

उपाय सुरू केला. काळा मसाला कमी, तिखट निम्मं, तेल मोजून. प्रोफाइलवर टाकलं: 'पोटाला हलकं जेवण.' आई माझ्याशी बोलली नाही. लालसिंग काकांनी भाजीचा पहिला घास घेतला आणि आत डोकावून विचारलं, "मावशी बिमार है क्या?"

"मावशी ठीक हाय," आई म्हणाली. "लेकीला डिग्री झाली."

पंगतीत तिघं होते. पण आम्ही अजून पहिल्या नंबरवर आहोत.

९ जुलै, बुधवार

चांगली चिन्हं. 'खास सोय' वाचून चौकशा येऊन राहिल्या. एका गृहस्थांचा फोन आला, सेनगावकडचे, मुलाला शिकायला इथं ठेवायचंय.

"ताट-पेला आपला ठेवता येते म्हणे तुमच्याकडं?"

"हो, खास सोय आहे."

"म्हणजे माणसं समजदार हायेत. बरं, सैपाक कोण करते?"

स्वयंपाक करणाऱ्या माणसाबद्दल कोणी विचारतं तेव्हा मला फार बरं वाटतं. मी सांगितलं, माझी आई, जनकाबाई पाईकराव. फोन कट झाला. दुपारी आणखी एक फोन. तोच प्रश्न, मी आईचं पूर्ण नाव सांगितलं, कट. हिंगोलीत नेटवर्कची फार तकलीफ आहे.

मात्र मागणी कळली. संध्याकाळी मी 'आमच्या स्वयंपाकघराविषयी' असा नवा मजकूर टाकला. आईचं माहेर, तिचा हात, १४ एप्रिलला ती अख्ख्या वस्तीसाठी रांधते ते, सगळं. आता कोणाला फोन करून विचारायची गरजच नाही.

१५ जुलै, मंगळवार

सोनाजीरावांचा फोन आला. त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहून ठेवते.

"आकांक्षाबाई, तेवढा फोटो काढा."

"कुठला, काका? सगळ्यात छान तुमचाच आलाय."

"छान आलाय म्हणूनच तर. पोरीची सोयरीक जुळवून राहिलो. पाहुण्याचा पोरगा हिंगोलीला कामाला लागणार, म्हणून त्यानं खानावळ पाहायला मोबाईल उघडला. पहिलाच मी. त्या भिंतीखाली, तोंडात घास."

"मग?"

"आता तुमी शिकलेल्या. मंग काय म्हणून काय विचारता? मी मावशीच्या जेवणाला कधी नाव ठेवलं का? त्या भाकरीवर इतकी वर्षं काढली. कोणाला तकलीफ झाली? दिसत नव्हतं तवर सगळं बराबर चालू होतं."

मी विचारलं, "काका, ते ताट?"

नेटवर्क चांगलं होतं. ते गप्प होते एवढंच. मग म्हणाले, "सवय हो ती," आणि फोन ठेवला.

मी आत गेले. आई राख लावून तेच ताट घासत होती. ते जेवायला येत नाहीत, तरी आठवड्यातून एकदा घासते, धूळ बसते म्हणून.

"तुला ठाऊक होतं?"

"त्याला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं. म्हणून तर ताट आणलं."

"आणि तू त्यांना वाढत राहिलीस?"

"मी त्याला वाढत होते. ताटाला न्हाई." तिनं ताट उपडं घातलं. "पोट सगळ्यांचं खरं बोलते. तोंडाचं काय घेऊन बसली?"

सोनाजीरावांचा फोटो मी काढून टाकला, नुसत्या भिंतीचा राहू दिला. 'खास सोय'ही खोडली. ते शब्द मी लिहिले होते. मी स्वतः, हौसेनं, ठळक अक्षरांत.

१६ जुलै, बुधवार

जेवणारे: लालसिंग काका. एकटे. त्यांना पूर्वीचा मसाला वाढला.

१८ जुलै, शुक्रवार

मुन्ना सरांना सगळं सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. मला त्याचंच आश्चर्य वाटलं.

"सोपं आहे," ते म्हणाले. "दुसरं प्रोफाइल काढू. 'शुद्ध गावरान किचन.' फक्त पार्सल. बसायची जागा नाही, पाटी नाही, भिंत नाही. डबा घेऊन जायला बाहेरचा पोरगा. तुम्ही दिसायचंच नाही, भाजी दिसली पाहिजे. महिन्यात सगळी ॲसिडिटी बरी होईल."

"पण सर, तुम्हीच म्हणाला होता, सगळं खरं पाहिजे."

"ते सिलॅबस झालं." त्यांनी टाय सैल केला. "माझ्याकडं बघा. मी कुठं सापडतो का? नाही. क्लास चालतो का? चालतो."

ते इतक्या सहज म्हणाले की मला त्यांच्या आडनावाबद्दल पुन्हा विचारायचं होतं ते राहून गेलं.

रस्ताभर हिशेब मांडत आले. जुलैअखेर जवळ आलाय. सरांचं ऐकलं तर चूल वाचते. फक्त आई तेवढी तिथून पुसायची. लाज वाटते लिहायला, पण 'शुद्ध गावरान किचन'साठी कुठला रंग शोभेल, हेही मी ठरवून टाकलं होतं.

२२ जुलै, मंगळवार

सोनाजीरावांच्या कार्यालयातला शिपाई सटवाजी दुपारी मागच्या दारानं आला. "साहेबांनी चार भाकरी आन वांग्याची भाजी सांगितली. पिशवीवर नाव नको म्हणाले."

"पिशवीवर कुठं नाव असते रे?" आई म्हणाली.

"मला सांगायला लावलं ते सांगितलं."

मी आईकडं पाहिलं. मला वाटलं ती देईल. मी मनातल्या मनात पिशवीसुद्धा शोधली होती. सरांची योजना तिला अजून सांगितली नव्हती, पण आता सांगायची वेळ आली असं वाटलं.

"पार्सल बंद हाय," आई म्हणाली. "इथं बसून खायचं. म्होरच्या दारानं येऊन. साहेबाला तसं सांग." मग कोनाड्यातलं ताट-पेला काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून तिनं त्याच्या हातात दिला. "हे बी दे. चकचकीत हाय म्हणावं, मोजून घे."

"मावशी, साहेब माझ्यावर चिडतील."

"तू जेवलास का?"

सटवाजी जेवला. वांग्याची भाजी त्यानं दोनदा घेतली. जाताना म्हणाला, साहेबांना सध्या चहा-बिस्किटावर ढकलावं लागून राहिलं, डॉक्टरनं बाहेरचं बंद केलंय ना. आणि डोळा मारला.

मुन्ना सरांच्या योजनेबद्दल मी आईला काही बोलले नाही.

२८ जुलै, सोमवार

आईनं स्वतःहून वॉर्डनना फोन लावायला सांगितला. स्पीकरवर ठेवला, कारण हात पिठाचे होते. एका लालसिंग काकांवर आणि एका सटवाजीवर चूल पेटत नाही, हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

"हां, जनकाबाई," वॉर्डन म्हणाले. "बरं झालं फोन केला. तुमचं नेटवर पाहिलं. छान केलंय मुलीनं, सगळी माहिती दिली. त्याचं असंय, स्वयंपाकाची जागा भरली. पालकांचं पण पाहावं लागतं. भांड्यांची जागा आहे. पगारात फार फरक नाही."

"भांडी," आई म्हणाली.

"हां. लेकरं तुमचीच समजा."

तिनं कोपरानं फोन बंद केला. "तुझा पहिला नंबर वॉर्डनपर्यंत पोचला."

मी रडले. म्हटलं, पाटी उतरवते, प्रोफाइल पुसते, भंगारवाल्याकडून 'राजयोग' परत आणते.

"काही उतरवू नको. पहिले मी काही लपले नव्हते. कोणाची तरी पाटी होती, होती तिथं होती. आता उतरवली तर लपली म्हणतील." ती पुन्हा भाकरी थापायला लागली. "आन मसाला कमी करशील तर हात तोडीन."

१ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी जिल्हा रुग्णालयात नव्यानं रुजू झालेल्या दोन सिस्टर आल्या, परवापासून त्या आमच्याकडं जेवतात. मिना आणि साधना. नकाशावर भिंतीचा फोटो दिसला म्हणून आलो, असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. आज मात्र मिनानं विचारलं, "मावशी, चालू आहे ना? मोबाईल बंद दाखवतोय."

उघडून पाहिलं. आमच्या नावाखाली लाल अक्षरं: 'कायमचे बंद.' कोणीतरी तसं कळवलं होतं. एकानं नसावं, एकाच्या सांगण्यावर सहसा असं होत नाही, हे मला सरांच्या क्लासमुळं ठाऊक आहे. खाली सूचना होती: चालू असल्यास पुरावा पाठवा, व्हिडिओ चालेल. पाटी, आतली जागा आणि काम करताना माणसं दिसली पाहिजेत.

मी आईला वाचून दाखवलं. म्हटलं, तू पण दिसशील.

"घे," ती म्हणाली. "पर पंगत बसू दे. रिकाम्या जागेचा काय घेते?"

दुपारी पंगत बसली. लालसिंग काका डेपोतल्या दोन कंडक्टरांना घेऊन आले. सटवाजी, सिस्टर. आणि अगदी कोपऱ्यात, दाराला पाठ करून, रविंद्र. तो कालपासून येतोय. एकटाच. ॲसिडिटीचं कोणी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. आईनं काल त्याला तिसरी भाकरी न विचारता वाढली, तेव्हा तो फक्त "बास मावशी" म्हणाला.

मी सांगितलं की व्हिडिओ घ्यायचाय, हा सगळ्यांना दिसेल, कोणाला नको असेल तर बाजूला बसा. सगळ्यांना म्हणजे खरंच सगळ्यांना, गोरेगावलासुद्धा. एक कंडक्टर उठून हात धुवायला गेला. बाकीचे बसून राहिले. रविंद्र उठला नाही आणि वळलाही नाही.

पाटीपासून सुरुवात केली. पाईकराव हा शब्द नीट येईपर्यंत थांबले. मग दार, भिंत, चूल. चुलीपुढं आई, कपाळावर घाम, नजर तव्यावर. मग पंगत. लालसिंग काकांनी हात वर केला, "खुला है भाई, खुला है." सिस्टर हसल्या. सटवाजीनं घास थांबवला नाही. मोबाईल कोपऱ्याकडं वळला, तेव्हा रविंद्रची मान ताटात इतकी खाली गेली की कपाळ भाजीला लागेल असं वाटलं. फक्त केस दिसत होते आणि कानाच्या पाळ्या, लाल झालेल्या.

आई भाकरी घेऊन त्याच्याकडं आली. व्हिडिओ चालू आहे हे ती विसरली नव्हती.

"मान वर कर रे बाबा," ती म्हणाली. "अशानं घास अडकते."

मग त्यानं मान वर केली. पूर्ण नाही, पण केली. नाक आलं, तोंड आलं, तोंडातला घास आला.

मी तिथपर्यंतचं घेतलं आणि पाठवून दिलं.